लाकडी बाणाला पुढून वजन देताना

नाशिकमध्ये पारंपरिक धनुष्य घेऊन सराव करणारी मंडळी आता बऱ्यापैकी दिसतात. कुणी लाँगबो मागवतं, कुणी लाकडी रिकर्व्ह, कुणी पेठ-सुरगाण्याकडून आलेलं बांबूचं धनुष्य जपून ठेवतं. धनुष्य हातात बसायला लागलं की पहिला प्रश्न बाणाचा येतो, आणि तोही बहुतेक असाच असतो: "बाण शेपूट हलवत जातो, पुढे वजन वाढवू का?" हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर "हो" असंच आहे, पण त्याला एक अट आहे. पुढचं वजन आणि दांडीचा ताठपणा ही एकच गोष्ट समजायची. एकाला हात लावला की दुसरं पुन्हा तपासायचं. नवशिक्यांची बहुतेक फसगत इथेच होते. टोक जड केलं, दांडी तीच ठेवली, बाण आणखी वेडावाकडा जायला लागला, आणि दोष पिसांना दिला.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. या विषयावरचं बरंचसं ज्ञान परदेशातल्या धनुष्याने शिकार करणाऱ्यांकडून आलेलं आहे. अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत परवान्यावर अशी शिकार चालते. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ती गुन्हा आहे, आणि कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो. रानडुक्कर, ससा, मोर, काहीही असो, धनुष्य घेऊन त्यांच्यामागे जायचं नाही. त्यामुळे इथे जे सांगतो आहे ते पेंढ्याच्या किंवा फोमच्या लक्ष्यावर मारायच्या, बोथट गोल टोकाच्या बाणांसाठी आहे. धारदार पात्याच्या फाळांची आपल्याला गरजच नाही.

बाण पुढून जड का चांगला, हे आधी समजून घ्या. बोटांनी दोरी सोडली की लाकडी बाण आधी वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो आणि पुढे गेल्यावर थरथरत सरळ होतो. वजनाचा मध्य पुढे आणि हवेचा अडसर मागे पिसांवर, अशी रचना असली की हे सावरणं लवकर होतं. बॅडमिंटनचं शटल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं, तेच हे तत्त्व. तोल पुढे सरकला की पिसांपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर वाढतं. तरफ लांब होते आणि तेवढीच पिसं जास्त काम करतात.

ही कल्पना नवी अजिबात नाही. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ मध्ये डोंगरातून बाहेर आला. त्याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप यांनी धनुर्विद्या शिकून नोंदी करून ठेवल्या. इशीच्या हलक्या दांडीच्या बाणांना पुढे वेगळ्या, जड लाकडाचा तुकडा जोडलेला असे. हलकी दांडी आणि पुढे जड, कठीण नाक, ही जोडी जगभर सापडते. आपल्याकडचा बांबूच्या दांडीला लोखंडी टोक बसवून वर दोरा गुंडाळलेला बाणही त्याच घराण्यातला. अलीकडच्या काळात डॉ. एड ॲशबी यांनी १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सुरू केलेल्या चाचण्यांमुळे या विषयाची चर्चा वाढली. तोल, म्हणजे बाणाचा तोलबिंदू त्याच्या मध्यापासून लांबीच्या किती टक्के पुढे आहे तो आकडा, १९ टक्क्यांच्या पुढे गेला की त्याला "अतिपुढचा" म्हणायची पद्धत त्यांच्याच मांडणीतली आहे. त्यांचा प्रश्न मोठ्या जनावरात बाण किती खोल जातो हा होता. आपला प्रश्न बाण सरळ जातो का, एवढाच आहे. म्हणून त्यांचे आकडे डोळे मिटून उचलू नका. लक्ष्यावर मारायच्या लाकडी बाणाला ११ ते १६ टक्के तोल भरपूर झाला.

आता तोल मोजायचा. यासाठी एक छोटा डिजिटल काटा लागेल, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. सराफ बाजारात सोनारांच्या वापरातले छोटे खिशातले काटे मिळतात, त्यातला स्वस्तातला पुरतो. त्यात बहुधा "ग्रेन" हे एककही असतं. परदेशी टोकं ग्रेनमध्येच विकली जातात, म्हणून एवढं लक्षात ठेवा: १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. १२५ ग्रेनचं टोक म्हणजे सुमारे ८ ग्रॅम, १९० ग्रेनचं म्हणजे सव्वाबारा.

पूर्ण बाण, म्हणजे टोक, पिसं, खाच (शेपटाला दोरी अडकते ती) सगळं लावलेला, पट्टीच्या कडेवर आडवा ठेवा आणि तो जिथे तोलला जातो तिथे पेन्सिलीने खूण करा. खाचेच्या तळापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग खाचेच्या तळापासून टोकाच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी मोजा. पहिल्या अंतरातून लांबीचा अर्धा भाग वजा करायचा, उरेल त्याला पूर्ण लांबीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. येईल तो तोलाचा टक्का. लांबी कुठून कुठे मोजायची यावर लोकांचे मतभेद आहेत. तुम्ही एक पद्धत धरा आणि प्रत्येक बाणाला तीच वापरा.

उदाहरण घेऊ. ७१ सेंमीचा बाण, म्हणजे २८ इंच. नुसती दांडी २१ ग्रॅम, टोक ८ ग्रॅम, खाच आणि पिसं मिळून १.६ ग्रॅम. हा बाण खाचेपासून साधारण ४३.२ सेंमीवर तोलेल. अर्धी लांबी ३५.५ वजा केली की ७.७ उरतात, म्हणजे तोल सुमारे ११ टक्के. आता फक्त टोक १२ ग्रॅमचं केलं तर तोलबिंदू ४६.४ सेंमीवर जातो आणि टक्का सव्वापंधराच्या वर पोचतो. चार ग्रॅमने एवढा फरक पडतो.

आता हेच गणित उलट्या बाजूने करून बघा, कारण खरी बचत तिथे आहे. टोक आठच ग्रॅमचं ठेवलं आणि शेपटाकडचं ०.६ ग्रॅम वजन काढलं, तरी तोल जवळपास १२ टक्क्यांवर जातो. तेवढाच फरक पुढून पाडायचा तर जवळजवळ ०.९ ग्रॅम घालावे लागतात. मागचं काढलं की बाण हलका होतो, वेग टिकतो आणि दांडीवर ताणही कमी येतो. म्हणून माझा आग्रह आहे की पुढे काही घालण्याआधी मागचं उतरवा.

मागचं उतरवायचे तीन मार्ग आहेत. पहिला, शेपूट निमुळतं करणं. पावणेतीन सुती दांडी असेल (ती परदेशी मापात ११/३२ इंच) तर शेवटचे २२-२३ सेंमी हळूहळू अडीच सुतावर आणा. दांडी ड्रिल मशीनमध्ये हलक्या हाताने धरून फिरवायची आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घडी करून त्याभोवती पुढे-मागे न्यायचा. शेवटी १८० नंबर. हातमोजा घाला, नाहीतर पेपर इतका तापतो की बोटं भाजतात. दांडीचं दुसरं टोक मोकळं फडफडू देऊ नका, लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून त्यातून काढा. एवढ्याने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास उतरतं, आणि बाण मुठीजवळून जाताना शेपूट कमी घासतं हा वेगळा फायदा. दुसरा मार्ग, प्लास्टिकची खाच काढून दांडीतच खाच कापणं. ती रेषांना काटकोनात कापायची आणि खाचेच्या खाली दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन त्यावर गोंद किंवा लॅकर लावायचं. वेढे दिले नाहीत तर दोरीच्या धक्क्याने दांडी उभी चिरते. तिसरा मार्ग, पाच इंची पिसांऐवजी चार इंची. यात नवशिक्यांनी घाई करू नये. दोरी सोडायचा हात अजून बसलेला नसतो, मोठी पिसं चुका झाकतात. आधी तोल पुढे न्या, बाण स्थिर जाऊ लागला की मग पिसं छोटी करा.

आता दांडी. पुढे वजन घालायचं ठरवलं असेल तर दांडी भक्कम हवी. देवदार, चीड, बर्च, स्प्रूस यांच्या गोल दांड्या मागवता येतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचं पोर्ट ऑरफर्ड सीडर हे बाणांचं नावाजलेलं लाकूड, पण ते हलकं असल्यामुळे पुढच्या वजनाखाली टोकामागे तुटतं अशी तक्रार असते. वखारीतून सरळ रेषांची पट्टी घेऊन स्वतः दांडी रंधता येते. बांबूची दांडी तर उत्तमच. दांडी निवडताना रेषा टोकापासून शेपटापर्यंत सलग चालल्या पाहिजेत. रेषा मध्येच कडेला बाहेर पडत असतील, गाठ असेल, तर ती दांडी सरावात वापरायचीच नाही. असा बाण सुटताना तुटला तर मागचा तुकडा धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. पुढचं वजन वाढलं की हा धोका वाढतो, कारण टोक जागच्या जागी राहू पाहतं आणि दोरी मागून ढकलते. दांडी मध्ये पिचते.

दांडीचा ताठपणा घरी मोजता येतो. ६६ सेंमी म्हणजे २६ इंच अंतरावर दोन आधार ठेवा, त्यावर नुसती दांडी आडवी ठेवा आणि बरोबर मध्यावर ९०७ ग्रॅम म्हणजे दोन पौंड वजन टांगा. एक लिटरच्या बाटलीत पाणी भरून दोरीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९०७ करून घेतलं की झालं. दांडी मध्यावर किती मिलिमीटर खाली आली ते स्टीलच्या पट्टीने बघा आणि ६६० ला त्या आकड्याने भागा. १३.२ मिमी आली तर ५०. म्हणजे ती दांडी ५० पौंड ताठपणाची, साधारण तेवढ्याच पौंड ताणाच्या धनुष्याला जुळणारी. खाच दोरीवर बसवल्यावर दांडीची जी कड धनुष्याला लागते, त्याच बाजूने ताठपणा मोजायचा, कारण लाकूड रेषांच्या एका बाजूने ताठ आणि दुसऱ्या बाजूने मऊ असतं. एका संचातल्या सगळ्या दांड्या पाच पौंडांच्या आत एकसारख्या हव्यात, आणि वजनात अर्ध्या-पाऊण ग्रॅमच्या आत.

हा ताठपणा दांडी स्थिर असतानाचा. बाण सुटताना जाणवणारा ताठपणा वेगळा, आणि तो टोकाच्या वजनावर आणि लांबीवर अवलंबून असतो. टोक जड केलं की तीच दांडी मऊ वागते. दांडी आखूड केली की ताठ वागते. लांबीचा प्रचलित अंदाज असा की २८ इंचांच्या वर दर इंचाला पाच पौंड जास्त ताठ दांडी घ्यावी. टोकाच्या वजनाचे असेच तयार आकडे सांगितले जातात, पण मुठीची रुंदी, दोरीचा प्रकार, सोडायची पद्धत, सगळ्याने ते बदलतात. म्हणून मी ते देत नाही. पुढे चाचणी सांगतो ती करा. तोपर्यंत एवढं करा की जड टोक लावायचं असेल तर नेहमीपेक्षा पाच ते दहा पौंड ताठ दांडी घ्या आणि ती सुरुवातीला लांबच ठेवा. कापायला नंतर येतं, वाढवायला येत नाही.

वजन घालायचे चार मार्ग आहेत, आणि सगळे सारखे चांगले नाहीत.

सर्वांत सोपा आणि नवशिक्याने पहिल्यांदा वापरायचा मार्ग म्हणजे जड टोक. चिकटवायची टोकं १००, १२५, १४५, १६०, १९० ग्रेन अशा टप्प्यांनी मिळतात. मागवायला महाग पडत असतील तर अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लहान लेथवाले आहेत. त्यांना नमुन्याचं एक टोक, आतला निमुळता कोन (दांडीचं टोक त्याच कोनात निमुळतं करून आत बसवायचं असतं) आणि हवं ते वजन सांगा. बाणांच्या टोकांचा प्रचलित कोन ५ अंशांचा असतो. पितळेची टोकं त्याच आकारात लोखंडापेक्षा साधारण आठ टक्के जड होतात, शिवाय गंजत नाहीत. पण पितळ मऊ असतं, दगडावर आपटलं की नाक बसतं. खुल्या मैदानात मारणार असाल तर लोखंडी बरी. सगळी टोकं एकमेकांच्या ०.२ ग्रॅमच्या आत हवीत हे लेथवाल्याला आधीच बजावा, नंतर कानशीने ती जुळवत बसायला फार वेळ जातो.

दुसरा मार्ग मला मनापासून आवडतो: टोकामागे तांब्याच्या तारेचे वेढे. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात २५ नंबरची इनॅमल तार मिळते, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. पावणेतीन सुती दांडीवर ही तार एकाला एक चिकटवून गुंडाळली तर दर सेंटीमीटरला सुमारे १ ग्रॅम वजन वाढतं. म्हणजे १ सेंमी, दीड, दोन, असं चिमटीने वजन घालता येतं, आणि नको असेल तर उलगडता येतं. शिवाय टोकामागचा भाग, जिथे लाकडी बाण सर्वांत जास्त तुटतो, तोच बांधला जातो. करायचं असं: तारेचं एक टोक दांडीवर उभं दाबून ठेवा, त्यावरून टोकाच्या दिशेने वेढे घ्या, प्रत्येक वेढा आधीच्याला नखाने सरकवून भिडवा. शेवटचे चार-पाच वेढे एका दुहेरी दोऱ्यावरून घ्या, तारेचं उरलेलं टोक दोऱ्याच्या फासात घाला आणि दोरा ओढून टोक वेढ्यांखाली आणा. वरून दोन भागांचा इपॉक्सी पातळ थराने लावा आणि सुकेपर्यंत बाण आडवा ठेवून मधून मधून फिरवा, नाहीतर थर एका बाजूला ओघळतो आणि बाण फिरताना लडखडतो. दोन गोष्टी सांभाळा. पूर्ण ताणल्यावर वेढे मुठीच्या टेकूच्या पुढेच राहिले पाहिजेत. आणि लक्ष्यातून बाण ओढताना तार फोममध्ये अडकते, म्हणून दोन सेंमीपेक्षा जास्त लांब वेढा नको आणि इपॉक्सीची मागची कड उतरती घासून घ्या.

तिसरा मार्ग म्हणजे दांडीच्या नाकात भोक पाडून धातूची काडी बसवणं. ३ मिमी जाडीची ५ सेंमी लांब पितळी काडी सुमारे ३ ग्रॅमची होते आणि भोकातून गेलेलं लाकूड वजा केलं तरी पावणेतीन ग्रॅमची भर पडते. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून अनेकांना भुरळ पडते. पण भोक जरा तिरकं गेलं की दांडी फुकट, आणि काडी जिथे संपते तिथे लाकडाची ताकद एकदम बदलते, बाण नेमका तिथेच मोडतो. करायचंच असेल तर दांडी उभी शिकंज्यात धरा, ओळंब्याने सरळ करा, आधी दीड मिमीचं भोक मग ३ मिमीचं. काडीची आतली कड गोल करा, इपॉक्सीने बसवा आणि काडी संपते त्या जागेच्या दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर दोरा गुंडाळून पक्का करा. शिसं वापरू नका. ते काम करताना हाताला लागतं, तुटलेल्या बाणाबरोबर शेतात-मैदानात पडतं, आणि विषारी आहे.

चौथा मार्ग कारागिराचा आहे: पुढे कठीण लाकडाचं नाक जोडणं. शिसव किंवा जुनी, वाळलेली बाभूळ घ्या. साधारण २० सेंमीच्या ठोकळ्याला मधोमध १५ सेंमी खोल चीर द्यायची, दांडीचं टोक तेवढ्याच लांबीत दोन बाजूंनी पाचरीसारखं रंधायचं आणि गोंद लावून चिरेत सरकवायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती ताणून गुंडाळली की त्यासारखा शिकंजा नाही, सगळीकडून सारखा दाब बसतो. एक दिवस राहू द्या, मग रंध्याने चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचा गोल करत दांडीच्या जाडीला आणा. दोन ग्रॅमच्या आसपास वजन वाढतं, म्हणजे फार नाही. पण पुढचा भाग ताठ होतो आणि टोकामागे तुटणं जवळपास थांबतं. अशा नाकावर जड टोक लावलं की बाण वर्षानुवर्षं टिकतो. पहिल्या संचात हे करू नका, पण कधीतरी नक्की करा. दोन रंगांच्या लाकडांची ती पाचर दांडीत मिसळत जाताना बघणं हा फार समाधानाचा भाग आहे.

टोक चिकटवताना घाई नको. चाचणी संपेपर्यंत गरम करून वितळणारा गोंद वापरा, म्हणजे टोक बदलता येतं. टोक पक्कडीत धरून मेणबत्तीवर तापवा, आत गोंद लावा, दांडीवर फिरवत दाबा म्हणजे अडकलेली हवा निघते. तापवायचं ते टोक, लाकूड अजिबात नाही. थंड झाल्यावर बाण नखावर उभा धरून गरकन फिरवा. टोक लडखडलं तर परत तापवून सरळ करा. ग्लू गनच्या साध्या काड्या चालतात, पण एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत बाण ठेवले की तो गोंद मऊ पडतो आणि टोक लक्ष्यातच राहतं. वजन आणि लांबी पक्की ठरल्यावर इपॉक्सीने कायमचं बसवा.

आता ती चाचणी. एकाच मापाचे, एकाच वजनाचे चार बाण घ्या. दोघांना पिसं लावा, दोघांना नाही. बिनपिसांच्या बाणांच्या शेपटाला पिसांएवढ्याच वजनाची चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर त्यांचा तोल आपोआप पुढे जातो आणि चाचणी खोटं सांगते. लक्ष्य मऊ हवं. त्र्यंबक-इगतपुरीकडचा भाताचा पेंढा घट्ट बांधून दोन-अडीच फूट जाड गठ्ठा केला की उत्तम. कडक फोममध्ये तिरका घुसलेला बिनपिसांचा लाकडी बाण टोकामागे मोडतो. डोळ्यांवर चष्मा लावा, लक्ष्यामागे मातीचा बांध किंवा भिंत असू द्या, आणि पावसाळी वाऱ्याच्या दिवशी ही चाचणी करू नका. सुरुवात पाच-सहा पावलांवरून करा, मग दहा-बारा मीटरवर जा.

उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचं गणित असं: बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या उजवीकडे लागले तर दांडी मऊ पडते आहे, डावीकडे लागले तर ताठ. डावखुऱ्यांसाठी उलट. वर-खाली लागत असतील तर तो दोरीवरच्या खाचेच्या जागेचा प्रश्न आहे, वजनाचा नाही, तो आधी सोडवा. एका बाणावरून काही ठरवू नका. हात थकलेला नसताना चार-पाच फेऱ्या करा आणि बाण वारंवार कुठे जातात ते बघा.

दांडी ताठ दिसली तर तुमचं नशीब, कारण वजन घालायला जागा आहे. तारेचा अर्धा-एक सेंमी वेढा वाढवा किंवा पुढच्या टप्प्याचं टोक लावा, पुन्हा मारा. मऊ दिसली तर पुढच्या बाजूने १ सेंमी कापा, पुन्हा निमुळतं करा, पुन्हा मारा. कापताना मर्यादा पाळा: पूर्ण ताणल्यावर टोकाची मागची कड मुठीच्या किमान एक इंच पुढे राहिलीच पाहिजे. बाण ओढून आत आला की बोटाला इजा होते. तेवढं कापूनही मऊच वागत असेल तर ती दांडी त्या वजनासाठी नाही. वजन उतरवा किंवा जास्त ताठ दांडी घ्या. पिसं मोठी करून हा दोष लपवायचा प्रयत्न करू नका. लपतो, पण दोरी सोडताना जरा हात चुकला की पुन्हा दिसतो.

धनुष्याचीही एक अट असते. पूर्ण बाणाचं वजन धनुष्याच्या दर पौंड ताणाला किमान ८ ग्रेन, शक्यतो १० हवं. ४० पौंडी धनुष्याला म्हणजे किमान २१ ग्रॅम, बरं म्हणजे २६. आपला उदाहरणातला ३० ग्रॅमचा बाण तिथे आरामात बसतो. जड बाणाने धनुष्याचा आवाज आणि हादरा कमी होतो, हे पहिल्या दिवशीच जाणवतं. वेग मात्र उतरतो. ८ ग्रॅमचं टोक १२ चं केलं की ढोबळ हिशोबाने पाच-सहा टक्के. जवळच्या लक्ष्यावर हे कळणार नाही, वीस मीटरच्या पुढे बाण स्पष्ट खाली पडेल. त्यामुळे वजन ठरल्यावर नेम नव्याने बसवावा लागतो. रोज टोक बदलत राहिलात तर हात कधीच बसणार नाही.

नाशिकच्या हवेचा परिणामही धरायला हवा. जून ते सप्टेंबर लाकूड ओल ओढतं, दांडी जड होते आणि थोडी मऊ वागते. उन्हाळ्यात उलट. दांडी चाचणीआधी घरातल्या हवेत पंधरवडाभर राहू द्या, आणि सगळं ठरल्यावर लॅकरचे दोन-तीन पातळ थर द्या. कापलेली खाच आणि टोकाखालची उघडी कड यांना विसरू नका, ओल तिथूनच शिरते. बाण आडवे ठेवा किंवा टांगून ठेवा. भिंतीला तिरके टेकवले की जड टोकाच्या बाजूने दांडी हळूहळू वाकते. वाकलीच तर गॅसच्या आचेपासून वीतभर लांब धरून कोमट करायची आणि तळहाताच्या टाचेने दाबत थंड होईपर्यंत सरळ धरायची.

प्रत्येक बाणावर पिसांजवळ बारीक अक्षरात चार आकडे लिहा: दांडीचा ताठपणा, एकूण वजन, टोकाचं वजन, तोलाचा टक्का. हे करणारा माणूस दुसरा संच पहिल्यासारखा बनवू शकतो. सहा बाण एकसारखे जमले की त्यातला एक बाजूला ठेवा, तो मारायचा नाही, नमुना म्हणून. मोडलेल्या बाणाचं टोक तापवून काढून घ्या आणि दांडी कुठे मोडली ते बघा. टोकाला लागून मोडत असेल तर तिथे वेढे हवेत. मध्यावर मोडत असेल तर दांडी मऊ आहे किंवा रेषा चुकीच्या आहेत, त्या संचातले बाकीचे बाणही हातात घेऊन, चारही बाजूंनी वाकवून, कानाजवळ धरून ऐका. बारीकसा चरचर आवाज आला तरी तो बाण त्याच दिवशी मोडून टाका.